बुधवारचा खड्डा

आलेखात तो खड्डा पहिल्यांदा दिसला तेव्हा तिने सगळ्यात आधी तार तपासली. शास्त्र शिकलेल्या माणसाची ही खोडच असते. चमत्कार दिसला की आधी प्लग नीट बसलाय का ते बघायचं. तार ठीक होती. पुढच्या आठवड्यात खड्डा पुन्हा आला, त्याच वारी, त्याच वेळी. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी खोल. मग मात्र ती खुर्चीतून उठली, प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं आणि दोन्ही हात वर करून एकटीच गोल फिरली. दार लावलं ते बरं केलं. विद्यापीठात तिची ख्याती आवाज न करणारी बाई अशी होती, आणि ती तिला टिकवायची होती.

विद्यापीठाने एक जुनी पाच मजली इमारत प्रयोगाला घेतली होती. गच्चीवर सौर पॅनल, तळघरात कपाटाएवढी बॅटरी, घराघरात मीटर. दिवसा लागेल तेवढं ऊन वापरायचं, उरलेलं साठवायचं आणि संध्याकाळी वापरायचं. अडचण अशी की संध्याकाळ झाली की सगळी इमारत एकदमच भुकेली होते. दिवे, ओव्हन, गीझर, इस्त्री, टीव्ही, सगळ्यांना त्याच वेळी हवं. आलेख डोंगर चढायला लागतो आणि बॅटरी धापा टाकते. फक्त बुधवारी डोंगर चढतच नव्हता. सहा ते आठ या वेळात तिथे चक्क खड्डा पडत होता.

का, याचं उत्तरही तिच्यापाशी तयार होतं. दर बुधवारी सकाळी ती इमारतीतल्या प्रत्येक घराला फोनवर एक निरोप पाठवायची, "आज संध्याकाळी वीज जरा जपून वापरा." निरोप बुधवारी, खड्डाही बुधवारी. लोक ऐकत होते! आजवर तिचं ऐकणारी माणसं तिला फारशी भेटली नव्हती, घरात तर एकही नाही. त्यामुळे हे उत्तर तिला जरा जास्तच आवडलं. मध्येच एका बुधवारी निरोप जाऊनही खड्डा पडला नव्हता, पण तो दिवस तिने 'मीटरचा दोष' म्हणून आलेखातून काढून टाकला होता.

आता अंतिम चाचणी आली होती. बाहेरून परीक्षकबाई येणार, इमारतीची बाहेरची वीज सूर्य मावळताच तोडणार, आणि रात्री नऊपर्यंत सगळी इमारत एकट्या बॅटरीवर चालवायची. चालली, तर बॅटरी तिथेच राहणार आणि शेजारच्या इमारतींनाही मिळणार. नऊच्या आधी अंधार झाला, तर सगळं यंत्र उचलून परत न्यायचं आणि तिची दोन वर्षांची मेहनत फळीवर ठेवायची. वार निवडायची मुभा तिला होती. तिने अर्थातच बुधवार निवडला. खड्डा धरून केलेल्या हिशेबात बॅटरी नऊपर्यंत पुरत होती. अगदी काठोकाठ, पण पुरत होती.

प्रकल्प कागदावर दोन विभागांचा होता. वीज तिच्या विभागाकडे आणि माणसं समाजशास्त्राकडे. माणसं ज्या बाईंकडे होती त्या म्हणजे तिची सख्खी वहिनी. एकाच घरात राहणाऱ्या नणंद-भावजया एकाच इमारतीवर संशोधन करत होत्या आणि दोघींना एकमेकींच्या कामातलं अक्षर ठाऊक नव्हतं. याला विद्यापीठाचा एक नियम कारणीभूत होता: काम संपेपर्यंत दोन्ही विभागांनी आपापली माहिती झाकून ठेवायची, म्हणजे एकीच्या समजुतीचा रंग दुसरीच्या निष्कर्षाला लागत नाही. आणि दुसरा नियम आईचा होता. प्रकल्प सुरू झाला त्या आठवड्यात दोघी जेवताना 'माणूस वीज वापरतो की वीज माणसाला वापरते' यावर इतक्या भांडल्या, की आईने केलेलं सगळं जेवण गार झालं. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर विद्यापीठाचं नाव काढायचं नाही. जो काढेल त्याने घरभराची भांडी घासायची.

विद्यापीठाचा नियम कधीमधी मोडतो. आईचा दोन वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र तिचं जेवणात लक्ष नव्हतं. ती पाणी प्यायची, चमचा उचलायची, पुन्हा ठेवायची.

"दात दुखतोय का?" दादाने विचारलं. दादा दातांचा डॉक्टर होता आणि जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ तो तिथेच शोधायचा.

"नाही रे."

"मग प्रेमात पडलीस?"

"अय्या, खरंच?" वहिनी म्हणाली. "कोण आहे हो वन्सं? आकार काय, वजन काय, किती व्होल्टचा?" वहिनी एरवी तिला 'अगं' म्हणायची. वन्सं हे खास चिडवण्यासाठी राखून ठेवलेलं होतं.

तिने चमचा खाली ठेवला. "भांडी मी घासते. सगळी. पण आता ऐका."

आईने एकवार तिच्याकडे, एकवार मोरीत रचलेल्या पातेल्यांकडे पाहिलं आणि हाताने 'बोल' अशी खूण केली. सौदा फायद्याचा होता.

मग ती बोलायला लागली. शांत माणूस बोलायला लागला की धरण फुटल्यासारखं होतं. बॅटरी, डोंगर, खड्डा, निरोप, सगळं तिने मिठाच्या आणि मिरपुडीच्या डब्या मांडून समजावलं. "लोक माझा निरोप वाचतात, वहिनी! नुसतं एक वाक्य सांगितलं तर अख्खी इमारत दर बुधवारी सहा ते आठ वीज जपते. उद्या चाचणी आहे आणि उद्या बुधवार आहे!"

दादाने टाळी वाजवली. आईने "शाब्बास" म्हटलं. वहिनीचा चमचा मात्र वाटी आणि तोंड यांच्या मध्येच थांबला होता.

"बुधवारी?" वहिनीने विचारलं.

"हो."

"सहा ते आठ?"

"हो. का गं?"

वहिनीने चमचा अलगद खाली ठेवला. "बुधवारी सहा ते आठ तिथे कुणी घरी नसतंच. सगळे माझ्याकडे असतात."

"तुझ्याकडे म्हणजे?"

"खालच्या मोठ्या खोलीत. माझी गटचर्चा असते. सगळी इमारत येते. दिवे बंद करून, कुलपं लावून."

दादाला हसू फुटलं. पाणी नाकात जाऊन तो खोकायला लागला, आणि खोकता खोकताच म्हणाला, "म्हणजे नणंदेचा शोध भावजयीने लावला!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आई म्हणाली. "दोन वर्षं समोरासमोर बसून जेवताय."

"तुझ्याच नियमामुळे, आई!"

"माझा नियम जेवताना होता. बाकीच्या वेळी तोंडाला कुलूप मी नव्हतं लावलं."

तिच्या कानात मात्र यातलं काही शिरत नव्हतं. तिचं मन पुढे धावलं होतं. "वहिनी, उद्याही चर्चा आहे ना?"

वहिनीने नकारार्थी मान हलवली. "मागच्या बुधवारी शेवटची झाली. आभाराचा कागदही लावून आले मी दारावर."

खड्डा नाही तर डोंगर. डोंगर तर अंधार, आणि तोही नऊच्या बराच आधी.

भांडी घासायची होती, ती काही टळली नाहीत. ती घासत होती आणि वहिनी, अपराधी चेहऱ्याने, फडक्याने पुसत होती.

"उद्या मी बोलावते सगळ्यांना," वहिनी म्हणाली. "एक फोन केला की येतील."

"मग ती चाचणी कसली? ती कॉपी झाली."

"मग तारीख पुढे ढकल."

"परीक्षकबाई पोचल्यासुद्धा." तिने पातेलं जोरात घासलं. "आणि माझा निरोप... म्हणजे कुणी वाचतच नव्हतं?"

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली गं."

तिचा हात थांबला. पातेल्यातला फेस हळूहळू खाली ओघळला. "पण वहिनी, फांदी मोडली तर होतीच ना?"

"म्हणजे?"

"खड्डा खोटा नाहीये. त्याचं मी लावलेलं कारण खोटं आहे." तिचा आवाज चढायला लागला. "माणसं घराघरातून निघून एका खोलीत बसली की इतकी वीज वाचते, हे मोजलेलं आहे. मीच मोजलंय! थांब. तुझ्याकडे हजेरी आहे?"

"नावं सांगणार नाही हं. नियम आहे."

"नावं नकोत. मी खड्डा सांगते, तू माणसं सांग. पहिला बुधवार, खड्डा नाहीच म्हणावा इतका उथळ."

"मोजून पाच डोकी आली होती. त्यातलं एक पत्ता चुकून."

"मग हळूहळू खोल. मग एकदम खूप खोल."

"लिफ्टवरून भांडण झालं होतं तेव्हा! बसायला जागा नव्हती. लोकांनी घरून खुर्च्या आणल्या."

"आणि मग..." ती अडखळली. आलेखातून काढून टाकलेला तो दिवस तिला आठवला. "एका बुधवारी खड्डा पडलाच नाही. निरोप गेला होता, तरीही नाही. मी म्हटलं, मीटर बिघडला."

वहिनीच्या हातातलं फडकं गळून पडलं. "अगं, त्या दिवशी खोलीची किल्ली सापडली नव्हती! आम्ही जिन्यात उभं राहून, वैतागून घरी गेलो!"

तिने साबणाच्या हातांनीच वहिनीला मिठी मारली. वहिनी ओरडली, पेला पडला, आई धावत आली. "काय झालं? काय फुटलं?"

"काही नाही आई," ती म्हणाली. तिच्या गालाला फेस लागला होता आणि डोळे लकाकत होते. "एक किल्ली हरवली होती."

सकाळी वहिनीला घेऊन ती विद्यापीठात गेली आणि तिने परीक्षकबाईंना सगळं सांगितलं. परीक्षकबाई पांढऱ्या केसांच्या, करड्या शिस्तीच्या बाई होत्या. ऐकताना त्यांनी एकदाही मान हलवली नाही.

"म्हणजे आज तुमची बॅटरी पुरणार नाही."

"माणसं घरी राहिली तर नाही पुरणार."

"आणि त्यांना गोळा करणारं कोणी नाही."

"नाही. आणि कुणी करूही नये," ती म्हणाली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतल्यासारखं तिला वाटलं, पण वाक्य बरोबर होतं आणि बरोबर वाक्य तिला मागे घेता येत नसे.

परीक्षकबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहे. चाचणी आजच. तुम्ही दोघी माझ्याबरोबर तळघरात बसायचं. वर जायचं नाही, फोन करायचा नाही. जे होईल ते बघू."

तळघरात बॅटरी घुमत होती. समोरच्या फळीवर प्रत्येक घराचा एकेक छोटा दिवा होता. घराने वीज जास्त घेतली की तो दिवा जास्त उजळायचा. सूर्य मावळला. परीक्षकबाईंनी स्वतःच्या हाताने बाहेरच्या विजेचा खटका खाली ओढला आणि इमारत एकटी पडली.

सहा वाजले. दिवे उजळायला लागले, एकामागून एक. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं शिलाईयंत्र सुरू झालं, तो दिवा लुकलुकत होता. कुणाचा ओव्हन. कुणाचा गीझर. बघता बघता सगळी फळी झगमगली. एरवी ते दृश्य सुंदर वाटलं असतं. आज ती फक्त बॅटरीकडे बघत होती. बॅटरीचा काटा डोळ्यांदेखत उतरत होता.

"या वेगाने आठलाच संपेल," ती पुटपुटली.

वहिनीने तिचा हात घट्ट धरला. "तुझा निरोप गेला होता ना आज?"

"गेला होता."

"बघ बाई, कुणीतरी वाचला असेल."

"टोमणे नंतर मार."

सात वाजत आले. काटा खालीच चालला होता. परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. आणि तेवढ्यात शिंपीणबाईंचा लुकलुकणारा दिवा विझला.

"यंत्र थांबलं," ती म्हणाली.

मग त्याच्या शेजारचा मंद झाला. मग चौथ्या मजल्यावरचे दोन, लागोपाठ. जिन्यात पावलं वाजली. दार लागल्याचा आवाज, आणखी एक दार. बरोबर त्यांच्या डोक्यावर, मोठ्या खोलीत, खुर्ची सरकल्याचा कर्रकन आवाज झाला.

"खोलीला तर कुलूप आहे," वहिनी कुजबुजली. "किल्ली माझ्या पर्समध्ये आहे!"

"दुसरी किल्ली करून घेतलेली दिसते," परीक्षकबाई शांतपणे म्हणाल्या.

खुर्च्या सरकतच राहिल्या. आणि मग छतातून, अगदी स्पष्ट, एका बाईचा आवाज खाली आला.

"मागच्या वेळी विषय अर्धवट राहिला म्हणून आलेय मी, गप्पा मारायला नाही! मी रात्रपाळीची नर्स. दिवसा मी झोपते. म्हणून माझ्या वाट्याचं ऊन या बाईंच्या शिलाईयंत्राने का खायचं?"

"वाट्याचं ऊन म्हणे!" हा शिंपीणबाईंचा आवाज. "ऊन काय डब्यात घालून ठेवतात? आलं तेव्हा वापरलं. तुम्ही झोपता त्याला मी काय करू, अंगाई म्हणू?"

"एकेक जण बोला, एकेक जण," कुणी आजोबा ओरडत होते. "मी घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आहे, माझ्यासमोर वेळ फुकट घालवायचा नाही!"

वहिनीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. डोळ्यांत पाणी होतं. "मी नसताना भांडतायत," ती म्हणाली. "अगं, मी नसताना! स्वतःहून!"

फळीवर आता काळोख होता. अगदी थोडे दिवे, तेही मिणमिणते. काटा उतरायचा थांबल्यासारखा झाला. तिने झरझर आकडेमोड केली, पुन्हा केली. "पुरेल," ती म्हणाली. "पण ते उशिरा आलेत. नऊपर्यंत वरच बसायला हवेत. आधी उठून घरी गेले, तर संपलं."

"म्हणजे भांडण नऊपर्यंत टिकायला हवं," परीक्षकबाई म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची ओढून बरोबर आवाजाखाली आणली.

त्यापुढचा काळ तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब काळ होता. क्रिकेटची मॅच ऐकावी तशा तिघी मान वर करून ऐकत होत्या. नर्सबाईंनी मुद्दा मांडला की वहिनी मूठ आवळायची. शिंपीणबाईंनी उलट टोला हाणला की परीक्षकबाई "अरे वा" म्हणायच्या. आठ झाले. साडेआठ झाले. आणि मग वर अचानक सगळं शांत झालं.

"बरं बाई," नर्सबाईंचा थकलेला आवाज आला. "राहू दे. घे तू ऊन."

"नको, तुम्हीच घ्या," शिंपीणबाई म्हणाल्या.

एक खुर्ची सरकली.

"मिटवू नका!" परीक्षकबाई छताकडे बघून दबक्या आवाजात कळवळल्या. "इतक्यात मिटवू नका हो!"

तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"एक मिनिट," घड्याळवाले आजोबा वर म्हणाले. "घ्या म्हणजे? ते काय तुम्हा दोघींचंच आहे? पाचव्या मजल्यावर गच्ची आमच्या डोक्यावर आहे. पॅनलमुळे आमची कपडे वाळवायची दोरी गेली. आमच्या दोरीचं काय?"

"आली का तुमची दोरी पुन्हा!" दोघी बायका एका सुरात ओरडल्या, आणि खोली पेटली. सगळे एकदम बोलायला लागले. तळघराच्या छताची थोडी माती तिच्या वहीवर पडली आणि तिला ती फुलासारखी वाटली.

नऊ वाजले. काट्याखाली चूळ भरण्यापुरती वीज शिल्लक होती. परीक्षकबाई उठल्या, बाहेरच्या विजेचा खटका वर केला आणि आपला हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. वहिनी म्हणाली, "चला ना वर! आता तरी चला!"

दारावर वहिनीने लावलेला आभाराचा कागद तसाच होता. त्याखाली कुणीतरी पेनाने 'बुधवार, जमेल तसं' असं लिहिलं होतं. आत त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मग आजोबांची नजर तिच्यावर पडली.

"अहो मीटरबाई! बरं झालं आलात. आपल्या चर्चेच्या मॅडमही आल्या. आता तुम्हीच निकाल द्या, तुमच्याकडे सगळे आकडे आहेत. नर्सबाईंच्या वाट्याचं ऊन कुणाचं?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. उत्तर तिच्या अहवालात होतं, समीकरणासकट: प्रत्येक घराला सारखा वाटा. तिने तोंड उघडलं. वहिनीने हळूच तिच्या पायावर पाय ठेवला, पण त्याची गरज नव्हती. तिच्यासमोर रात्रपाळीला निघालेली नर्स उभी होती, पर्स खांद्याला लावून, एक डोळा घड्याळावर ठेवून, आणि तरीही जागची न हललेली. शिंपीणबाईंच्या गळ्यात अजून टेप लटकत होती. सारखा वाटा म्हणजे नक्की कशाचा? उन्हाचा, विजेचा, झोपेचा, की दोरीचा?

"ते माझा मीटर सांगत नाही," ती म्हणाली. हे वाक्य ती पहिल्यांदाच उच्चारत होती, आणि ते म्हणताना तिला प्रयोगशाळेत दार लावून गोल फिरताना झाला होता तसाच आनंद झाला. "खरंच नाही सांगत. तुम्हालाच ठरवावं लागेल."

"ऐकलंत?" शिंपीणबाई म्हणाल्या. "मीटरलासुद्धा कळत नाही, आणि या नर्सबाईंना कळतं!"

"काय म्हणालात?"

आजोबांनी पेल्यावर चमचा वाजवला. कुणी ऐकलं नाही. ती एक खुर्ची ओढून बसली, वहिनी तिच्या शेजारी. मागे दारात परीक्षकबाई उभ्या होत्या. त्यांनी कोट काढून हातावर घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आणखी एक खुर्ची आहे का हो?"